चारशे व्होल्टची जवारी

"अगं, माळ्यावरचा तो काचेच्या दिव्यांचा खोका भंगारवाल्याला देऊन टाकू का? घर रंगवायला काढलंय."

मम्मीचा फोन मिरजेहून आणि मी लंडनमध्ये, एका गॅरेजएवढ्या वर्कशॉपमध्ये. समोर तीन जुने गिटार अँप्लिफायर ओळीने मांडलेले, तिघांच्याही पाठी उघड्या. आत काचेचे दिवे पेटलेले... केशरी, मंद, देवघरातल्या समईसारखे. आणि तिसऱ्या पेटीतले चार दिवे तर डिट्टो आमच्या माळ्यावरचे!

"मम्मी, थांब! काही देऊ नकोस. हातसुद्धा लावू नकोस."

"का? सोनं भरलंय का त्यात?"

आता काय सांगणार?

जरा रिवाइंड करते. मास कॉम पुण्यात केलं, मग एका वर्षाच्या कोर्सला लंडनला आले आणि आता इथेच फ्रीलान्स पत्रकारिता करते. फ्रीलान्स म्हणजे घरभाड्याची तारीख पक्की आणि मानधनाची तारीख कायम कच्ची. त्यामुळे काम आलं की विषय कुठला हे बघायचं नसतं. एका संपादकाने विचारलं, "आज लॅपटॉपमधल्या एका सॉफ्टवेअरमध्ये जगातले सगळे गिटार अँप मिळतात. तरी लोक साठ वर्षं जुन्या, तीस तीस किलोच्या पेट्यांच्या मागे का लागतात? लिहिशील?" मी म्हटलं, ऑफकोर्स! गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

म्हणून एका सकाळी साउथॉलहून २०७ नंबरची बस पकडून हॅनवेलच्या दिशेने निघाले. वर्कशॉपचे मालक सत्तरीचे, नाकावर दोन चष्मे. मनातल्या मनात मी त्यांचं बारसं केलं : अँपकाका.

एकच गिटार, तीन पेट्या

अँपकाकांची अट साधी होती. "आधी ऐकायचं. प्रश्न नंतर." गिटार एकच, वायर एकच, सूरही तेच. बदलणार फक्त पेटी.

पहिली पेटी फेंडर बासमन. अंगावर पिवळसर विणीचं कापड, जुन्या सूटकेससारखं. हे मॉडेल १९५८ ते १९६० या काळातलं, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये बनलेलं. नावातच बास आहे, कारण ते बास गिटारसाठी काढलं होतं. पण साध्या गिटारवाल्यांनी ते पळवलं आणि डोक्यावर घेतलं. अँपकाकांनी तारा छेडल्या. आवाज खणखणीत, मोकळा, कडेला किंचित खरखर. हळू वाजवलं की स्वच्छ, जोरात वाजवलं की लगेच घसा बसल्यासारखा. हाताचं सगळं ऐकत होती ती पेटी.

दुसरी मार्शल जेटीएम ४५. हा हेड वेगळा आणि खाली स्पीकरचा भलामोठा खोका वेगळा. तेच सूर... आणि माझ्या बरगड्या हलल्या! आवाज जाड, भरदार, मधल्या पट्टीत ठासून भरलेला. बासमन गप्पा मारत होता, हा भाषण करत होता.

तिसरी व्हॉक्स एसी ३०. काळ्या अंगावर चौकडीचं कापड. आणि यातून जो आवाज आला त्याला मराठीत एकच शब्द आहे, किणकिण. वर टाळ, खाली गिटार. सूर संपल्यावरही हवेत काहीतरी चमकत राहिल्यासारखं.

"आता बोल. काय फरक ऐकलास?" अँपकाकांनी विचारलं.

मी पत्रकार आहे, थापा मारता येतात. पण या माणसासमोर जमेना. "पहिला माणूस, दुसरा जमाव, तिसरा घुंगरू," मी म्हटलं. त्यांनी ते चक्क वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी बासमन आणि मार्शलची सर्किट डायग्राम शेजारी शेजारी ठेवली. "यातला फरक शोध." मी दोन्ही कागद खिडकीवर एकावर एक धरून पाहिले. बॉस, जवळजवळ तेच चित्र होतं!

कॉपी, पण कुणाची?

गोष्ट अशी. जिम मार्शल हा मुळात ड्रमर, ड्रम शिकवणारा. १९६० मध्ये त्याने हॅनवेलच्या अक्सब्रिज रोडवर वाद्यांचं दुकान टाकलं. माझी २०७ नंबरची बस धावते तोच रस्ता! ड्रमवाल्यांच्या मागोमाग त्यांचे गिटारवाले मित्र दुकानात यायला लागले. त्यांना हवा होता अमेरिकन फेंडरचा आवाज, पण आयात माल इंग्लंडमध्ये महाग. मग दुकानातला रिपेअरवाला केन ब्रॅन आणि ईएमआयमध्ये शिकाऊ असलेला पोरगा डडली क्रेव्हन यांनी बासमन समोर ठेवला आणि १९६२ मध्ये तसाच एक बनवायला घेतला. जेटीएम म्हणजे जिम अँड टेरी मार्शल. टेरी हा जिमचा मुलगा.

सरळ सरळ कॉपी. मग आवाज वेगळा का?

कारण अमेरिकेतले पार्ट इंग्लंडमध्ये मिळत नव्हते! बासमनमध्ये सिग्नल घेणारा पहिला व्हॉल्व्ह होता १२एवाय७. यांनी तिथे ईसीसी ८३ लावला. त्याची आवाज वाढवायची ताकद दुपटीहून जास्त, म्हणजे पुढचे व्हॉल्व्ह लवकर भरून वाहायला लागतात. शेवटचे ताकदवान व्हॉल्व्ह अमेरिकन ५८८१ होते, थोड्या काळाने त्यांच्या जागी इंग्लिश केटी ६६ आले. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळाला तो. फेंडरमध्ये दहा इंची चार जेन्सन स्पीकर आणि पेटी मागून उघडी. यांनी बारा इंची चार सेलेस्टियन घेतले आणि मागून फळी ठोकून पेटी बंद केली. उघड्या पेटीतला आवाज मागूनही पसरतो, बंद पेटीतला समोर छातीवर येतो.

म्हणजे जे मिळालं ते घातलं. आणि त्यातून जो आवाज निघाला, तो पुढे सगळ्या रॉक म्युझिकचा आवाज झाला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर जो अल्बम केला, त्यात याच सर्किटचा स्पीकरसकट एका पेटीतला अवतार वाजलाय. तोही मुद्दाम इतका मोठा करून की आवाज फाटेल!

"चुकून झालं म्हणायचं?" मी विचारलं.

"अडचणीतून झालं," अँपकाका म्हणाले. "चूक वेगळी, अडचण वेगळी."

एवढ्यात मी नीट बघायला म्हणून पेटीच्या आत बोट नेलं आणि ते ओरडले. असे ओरडले की हातातला फोन पडला. स्विच बंद असला, प्लग काढलेला असला तरी आतले कंडेन्सर भरलेले असतात. चारशे व्होल्टच्या वर. मग त्यांनी मला नियम सांगितला. आत हात घालायचाच असेल, तर दुसरा हात खिशात. म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडत नाही.

तो नियम मला माहीत होता. सात वर्षांची असताना रेडिओच्या उघड्या चासिसला हात लावायला गेले, तेव्हा पप्पांनी आयुष्यातली एकमेव थप्पड मारली होती. आणि मग रडणाऱ्या मला मांडीवर घेऊन हेच शिकवलं होतं. एक हात खिशात.

पप्पांचं दुकान

माझे पप्पा रेडिओ रिपेअर करायचे. मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. १९७३ मध्ये सोळाव्या वर्षी ते एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली लागले, तेव्हा ट्रान्झिस्टर येऊन बरीच वर्षं झाली होती. पण घराघरांत व्हॉल्व्हचे मर्फी आणि फिलिप्स अजून गात होते. बटण फिरवल्यावर अर्धा मिनीट गप्प, मग गरम धुळीचा वास आणि मग विविध भारती. पुढे टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग सीडी प्लेअर, आणि मग अशा वस्तू ज्या रिपेअर होतच नाहीत, बदलल्या जातात. २०१४ मध्ये पप्पांनी शटर ओढलं ते ओढलंच.

खरं सांगते, कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी "इलेक्ट्रॉनिक्स बिझनेस" लिहायचे. पुण्यातल्या मैत्रिणींना वाटायचं शोरूम असेल. मी वाटू दिलं.

त्या संध्याकाळी एसी ३० च्या पोटाचा फोटो पप्पांना पाठवला. तीन मिनिटांत व्हिडिओ कॉल.

"अगं, हे तर आपलेच की! ईएल ८४. चार चार लावलेत? आणि तो मोठा जीझेड ३४, रेक्टिफायर. कुणाचा सेट आहे हा?"

"सेट नाही हो पप्पा, गिटारचा अँप आहे."

"तेच. गिटार असो नाहीतर रेडिओ सिलोन, व्हॉल्व्हला काय कळतंय?"

पत्रकारितेच्या डिग्रीला न उमगलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली. ईएल ८४ हा युरोपात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरसाठी निघालेला व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या रेडिओतही तो होता. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी असे व्हॉल्व्ह बनवायची. केंटमधल्या डार्टफर्डला डिक डेनी नावाच्या माणसाने तोच व्हॉल्व्ह व्हॉक्सच्या अँपमध्ये घातला. आधी दोन घालून एसी १५, मग हॉल मोठे झाले, आवाज कमी पडायला लागला, तेव्हा १९५९ च्या सुमारास चार घालून एसी ३०. द शॅडोज, बीटल्स, नंतर क्वीनचा ब्रायन मे, सगळ्यांची गिटार त्यातून वाजली.

आणि हो, जिकडून ही सगळी गोष्ट सुरू झाली तो लिओ फेंडर? त्याने १९३८ मध्ये फुलर्टनमध्ये जे पहिलं दुकान टाकलं, ते रेडिओ रिपेअरचं होतं. गिटार त्याला आयुष्यभर वाजवता आली नाही! हे मी पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबर. वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू येतं, रिपेअरवाल्याला सेटचं."

जवारीचा फंडा

माझा लेख छापून आला. पण एक गोष्ट अर्धवट राहिली होती. व्हॉल्व्हचा आवाज फाटतो, तरी गोड का लागतो? ते कळलं दिवाळीत, मिरजेत, फराळाच्या डब्यांमध्ये बसून.

पप्पांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढलं. व्हॉल्व्ह म्हणजे नळ. मागे टाकी भरलेली, चारशे व्होल्टची. समोर ग्रिड म्हणजे तोटी. गिटारमधून येतो तो जीव नसलेला, इवलासा करंट. पण तो फक्त तोटी फिरवतो, पाणी टाकीचं. तोटी थोडी फिरली तर थोडी धार, जास्त फिरली तर जास्त. झालं अँप्लिफायर!

"आणि तोटी पूर्ण उघडल्यावर आणखी फिरवली तर?"

"तर काय? पाणी आहे तेवढंच येणार. लाटेचा माथा चपटा होणार. आता हा माथा कसा चपटा होतो, तिथेच सगळी गंमत." साध्या ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये तो सुरीने कापल्यासारखा कापला जातो, म्हणून कर्कश. व्हॉल्व्हमध्ये तो आधी दबतो, खांदे गोल होतात, मग चपटा होतो. आणि माथा चपटा झाला की मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात जन्माला येतात.

मी म्हटलं, "म्हणजे खराबीच ना?"

पप्पांनी खिडकीबाहेर सतारमेकर गल्लीकडे बोट केलं. "तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय असतं मग?"

मिरजेतल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. तंबोऱ्याची घोडी कारागीर कानशीने अशी घासतो की तार तिला अलगद चाटून जाते. वर सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. ती तार निर्मळ वाजत नाही, घोडीला घासून झंकारते आणि एका सुरातून दहा सूर उठतात. कुणी त्याला खराबी म्हणत नाही. त्यासाठी तर लोक मिरजेला येतात!

"गिटारवाले पण तेच करतात," पप्पा म्हणाले. "चारशे व्होल्टची जवारी काढतात."

मग मी लंडनमध्ये रेकॉर्ड केलेले तिन्ही आवाज त्यांना हेडफोनवर ऐकवले. डोळे मिटून ऐकलं. जवारीत खुली, गोल असे प्रकार. खुलीत झंकार जास्त, गोलमध्ये आवाज बंद, भरीव. "हा तिसरा," ते व्हॉक्सच्या वेळी म्हणाले, "याची जवारी खुली. याच्यात निगेटिव्ह फीडबॅक नसणार."

मी उडाले! अँपकाकांनी अगदी हेच सांगितलं होतं. बाकी दोघांच्या सर्किटमध्ये शेवटी निघालेल्या आवाजाचा थोडा भाग मागे आणून उलटा जोडलेला असतो. त्याने चुका कापल्या जातात, आवाज शिस्तीत राहतो आणि फाटायचा तेव्हा एकदम फाटतो. व्हॉक्समध्ये ती लगामाची तारच नाही. म्हणून तो हळूहळू, पहिल्यापासूनच थोडा थोडा फुटत जातो. तीच किणकिण.

"तुम्हाला नुसतं ऐकून कसं कळलं?"

"कारण मी एकदा ती तार काढून बघितली होती."

बुवांचा अँप

ही गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती. १९७९ मध्ये पेठेतल्या भजनी मंडळाला लाउडस्पीकर हवा होता आणि पैसे नव्हते. पप्पांनी मिस्त्रींकडचं मुलार्ड कंपनीचं ऑडिओ सर्किटचं पुस्तक घेतलं. त्यातल्या एका अँपमध्ये पहिला व्हॉल्व्ह ईएफ ८६ लागायचा. तो नव्हता, म्हणून ईसीसी ८३ लावला. शेवटी ईएल ८४ ची जोडी, ती रेडिओतून काढलेली. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सांगलीत गुंडाळून घेतला. फीडबॅकची तार पुस्तकाप्रमाणे जोडली तर सेट शिट्टी मारायला लागला, म्हणून ती तारच काढून टाकली.

"कच्ची कॉपी होती," पप्पा म्हणाले. "पण बुवांना आवडायचा. म्हणायचे, माझा आवाज याच्यात जरा तरुण होतो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "पप्पा, तुम्हाला कळतंय का? मार्शलने पण हेच केलं! पार्ट मिळाले नाहीत म्हणून जे मिळालं ते घातलं. जगातला सगळ्यात फेमस गिटार अँप म्हणजे एक कच्ची कॉपी आहे. तुम्ही आणि तो सेम टू सेम!"

मला वाटलं पप्पांचे डोळे भरून येतील. फिल्मी मन आपलं! पप्पांनी शांतपणे चकलीचा तुकडा मोडला.

"नाही, बाळ. त्यानं केलेला माल विकला. मी मंडळाकडून पैसेसुद्धा मागितले नाहीत. फरक सर्किटमध्ये नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. ते दुःखाने बोलत नव्हते, तक्रार म्हणूनही नाही. हिशेब सांगत होते. इतकी वर्षं ज्या दुकानाला मी शोरूम करून सांगत होते, त्याचा हिशेब त्यांच्याकडे पक्का होता. लाज फक्त माझ्याकडे होती.

"तो अँप कुठे आहे आता?"

"मंडळानं नवीन सेट घेतला १९९८ साली. भंगारात गेला. तीस रुपये आले म्हणे."

स्वयंपाकघरातून मम्मी बघत होती. भंगार हा शब्द घरात त्यानंतर दोन दिवस कुणी काढला नाही.

सॉक्समधले व्हॉल्व्ह

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खोका खाली आला. मिस्त्री म्हातारपणी दुकान बंद करताना पप्पांना देऊन गेले होते. आत पन्नासेक व्हॉल्व्ह, बरेचसे कोऱ्या पुठ्ठ्याच्या डब्यांत. बहुतेक रेडिओचेच, ईसीएच ८१, ईबीएफ ८९ वगैरे, ज्यांना गिटारवाले विचारत नाहीत. पण अकरा ईएल ८४ निघाले. काहींवर मुलार्ड, मेड इन ग्रेट ब्रिटन. काहींवर आपलं बीईएल.

अशा जुन्या, न वापरलेल्या व्हॉल्व्हना लंडनमध्ये गिऱ्हाईक आहे, हे मला अँपकाकांकडून कळलं होतं. नवे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्येच बनतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाचा माल काही काळ अडकला, तेव्हा सगळीकडे पळापळ झाली होती. तरी विचारायला जीभ रेटेना. मिस्त्रींची आठवण विकायची कशी?

"विकायचे नाहीत म्हणून ठेवले नव्हते," पप्पाच म्हणाले. "घेणारा आला नाही म्हणून ठेवले. व्हॉल्व्ह आहे तो. पेटला नाही तर नुसती बाटली."

अकरा व्हॉल्व्ह अकरा सॉक्समध्ये घालून हँडबॅगेत भरले. मुंबई एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या बाईंनी एक काढून उजेडात धरला.

"ये क्या है?"

"रेडिओ का बल्ब. पुराना."

"अच्छा, दादाजी के यहाँ था ऐसा," त्या म्हणाल्या आणि इतक्या जपून परत सॉक्समध्ये ठेवला की मला त्यांना चकली द्यावीशी वाटली.

"हम येतोय का?"

अँपकाकांनी एकेक व्हॉल्व्ह टेस्टरवर लावला. दोन मेलेले, दोन थकलेले, सात ठणठणीत. एसी ३० ला चार लागतात आणि चौघांची ताकद जवळपास सारखी असावी लागते, नाहीतर एकटाच सगळा भार उचलतो आणि लवकर जळतो. (ऑफिसमधल्या टीमसारखंच की!) सातांतून चौकडी जमली. तीन मुलार्ड, एक बीईएल. अँपकाकांनी त्या बीईएलकडे चष्मा बदलून बघितलं. "इंडियन? छान बांधलाय."

पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. मिरजेत रात्रीचे साडेनऊ. त्यांनी चष्मा लावला होता आणि का कोण जाणे, शर्ट बदलला होता.

पॉवरचा स्विच. अर्धा मिनीट शांतता. चार दिवे हळूहळू केशरी झाले. गरम धुळीचा वास आला आणि मी क्षणभर दुकानात, त्या लाकडी स्टुलावर, पाय न पोहोचणाऱ्या उंचीवर बसले होते. अँपकाकांनी तारा छेडल्या.

काय आवाज होता म्हणून सांगू! टाळ, चिपळ्या, पाऊस, सगळं एकदम.

"पप्पा, ऐकू येतंय?"

फोनच्या चिमुकल्या माइकमधून त्यांना बहुधा पत्र्याच्या डब्याएवढंच ऐकू जात असणार. ते स्क्रीनला कान लावून बसले होते, त्यामुळे मला फक्त कान दिसत होता.

"हम येतोय का?" कान म्हणाला.

मी ट्रान्सलेट केलं. अँपकाकांनी हात तारांवर ठेवून आवाज बंद केला. ऐकलं. "नाही म्हणावं. अगदी शांत."

"कडेच्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होतेय का बघ."

अँपकाका वाकले. "नाही. काळी आहे."

"मग चालतील," पप्पा म्हणाले. "पंचवीस वर्षं नाही चालणार, पण चालतील."

दोन म्हातारी माणसं, एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्लिश जेमतेम. पुढची दहा मिनिटं मी दुभाषी होते आणि नंतर तीही नव्हते. कारण दोघं "बायस", "कंडेन्सर" आणि "ट्रान्सफॉर्मर" या तीन शब्दांत सगळं बोलत होते.

सातही व्हॉल्व्ह अँपकाकांनी विकत घेतले. माझ्या दोन लेखांच्या मानधनाएवढे पैसे झाले. पप्पांच्या खात्यात टाकले, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी बिल मागितलं. कुठला व्हॉल्व्ह केवढ्याला, सगळं लिहून. पाठवलं. वहीत चिकटवलंय, मम्मी म्हणाली.

या आठवड्यात एका व्हिसाच्या फॉर्मवर पुन्हा तो रकाना आला, वडिलांचा व्यवसाय. रेडिओ मेकॅनिक, रिटायर्ड, असं लिहिलं आणि पुढे गेले. पाच सेकंदांचं काम. मला दहा वर्षं लागली.

काल रात्री पप्पांचा फोन. आवाज एकदम हळू, मागे टीव्हीवर मम्मीची सीरियल.

"ऐक. माळ्यावर अजून एक खोका आहे. मम्मीला सांगू नकोस."

"व्हॉल्व्ह?"

"नाही. ट्रान्सफॉर्मर. सांगलीत गुंडाळलेला." थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. "बुवांचा सेट भंगारात गेला ना, त्या दिवशी संध्याकाळी मी सायकल काढून भंगारवाल्याकडे गेलो होतो. तेवढाच मिळाला. पंधरा रुपये घेतले त्यानं."

मी गप्प.

"तू पुढच्या वेळी येताना," ते म्हणाले, "त्या साहेबांना विचारून ये, गिटारची पिन कुठल्या मापाची असते."